हायस्कूल मुलांना मोठं होऊ देतं का?

प्रश्न असा आहे की तेरा ते अठरा या वयात मुलं ज्या पद्धतीच्या शाळेत दिवस घालवतात, ती शाळा त्यांना पुढच्या आयुष्यासाठी तयार करते का, की तयार असलेल्या मुलांनाही अजून काही वर्षं लहानच ठेवते. मी याच वयाच्या मुलांबरोबर समुपदेशक म्हणून काम करतो, त्याआधी बरीच वर्षं वर्गात शिकवलं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघितलंय. माझं मत सरळ सांगतो. विषय शिकवण्याचं काम शाळा बऱ्यापैकी करते, पण जबाबदारी सोपवण्याचं काम ती उलटं करते, म्हणजे मुलांना जे झेपतं तिथे त्यांचा हात धरून ठेवते आणि जे खरंच झेपत नाही तिथे त्यांना एकटं सोडते. हे नुसतं चिडून बोलत नाहीये, का म्हणतोय ते नीट सांगतो, थोडं लांबेल.

आधी मुलं खरंच किती तयार असतात ते बघू, कारण यावर लोक दोन टोकांना असतात. काहींना वाटतं सोळा वर्षांचं पोरगं म्हणजे अजून बाळच, मेंदू पंचविशीपर्यंत पूर्ण होत नाही असं कुठेतरी वाचलेलं असतं. दुसरे म्हणतात पूर्वी या वयात लोक संसार करायचे, मग आत्ताच काय झालं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. किशोरवयाचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ देशांतल्या १० ते ३० वयाच्या पाच हजारांहून जास्त लोकांवर काम केलं, ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी विचार करण्याची क्षमता वेगळी मोजली आणि स्वतःवरचा ताबा, धोक्याची ओढ वगैरे वेगळं मोजलं. विचार करण्याची क्षमता साधारण सोळाव्या वर्षी मोठ्या माणसांच्या बरोबरीला येते. ताबा मात्र अठराच्या पुढेही पिकत राहतो. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाला वेळ द्या, माहिती द्या, आजूबाजूला कल्ला नसेल तर तो तुमच्या-माझ्याइतकाच नीट निर्णय घेऊ शकतो. याच्या कितीतरी आधी, १९८२ मध्ये, वाइथॉर्न आणि कॅम्पबेल या दोन संशोधकांनी ९, १४, १८ आणि २१ वर्षांच्यांना आजारपण आणि उपचारांबद्दलचे काल्पनिक प्रसंग दिले होते, कोणता उपचार निवडशील आणि का, असं. चौदा वर्षांची मुलं कारणं देण्यात आणि पर्याय तोलण्यात मोठ्यांपेक्षा मागे नव्हती. चौदा!

आता दुसरी बाजू. २००५ चा गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांचा एक प्रयोग आहे, त्यात कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा गेम होता, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की पुढे दामटायचं हे ठरवायचं. एकटे असताना तेरा ते सोळा वयाची मुलं साधारण मोठ्यांसारखीच खेळली. बाजूला मित्र बसवले की त्यांनी घेतलेले धोके जवळपास दुप्पट झाले, अठरा ते बावीसच्या गटातही वाढले पण कमी, आणि चोविशीच्या पुढच्यांना मित्र असण्या-नसण्याने काही फरकच पडला नाही. मला या क्षेत्रातला हा सगळ्यात कामाचा शोध वाटतो कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ गोष्टी याच जागेवर घडलेल्या असतात. मारामारी, कुणाचा तरी फोटो पुढे पाठवणं, पैज लावून केलेला वेडेपणा, सगळं चार जणांच्या साक्षीने. नंतर तोच मुलगा माझ्यासमोर एकटा बसतो तेव्हा इतकं शहाण्यासारखं बोलतो की पालकांना वाटतं हा नाटक करतोय. तो नाटक करत नसतो. त्याला ते खरंच कळत असतं, आत्ता, शांतपणे, या खोलीत.

म्हणून मी म्हणतो की "मुलं तयार आहेत का" हा प्रश्न अर्धवट आहे. कशासाठी तयार आहेत आणि कोणत्या परिस्थितीत, असं विचारायला पाहिजे. शांत डोक्याने करायच्या कामांसाठी चौदा-पंधरापासून बऱ्यापैकी तयार आहेत. डोकं तापलेलं असताना, बरोबरीचे बघत असताना, त्यांना सोबत कोणीतरी मोठं लागतं.

आता हे डोळ्यासमोर ठेवून शाळेचा दिवस बघा. काय शिकायचं, कोणत्या क्रमाने, कुठे बसायचं, किती वाजता काय करायचं, पाणी प्यायला कधी जायचं, यातलं मुलगा काय ठरवतो? जवळपास काहीच नाही. आणि ही सगळी शांत डोक्याने घ्यायच्या निर्णयांची यादी आहे, जे त्याला जमतं. मग सुट्टी होते, आणि तिथे त्याच्या वयाची शेकडो मुलं, एक-दोन थकलेले शिक्षक लांबून बघतायत, आणि संध्याकाळनंतर मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये तर कोणीच नाही. ज्या ठिकाणी ताबा सुटतो तिथे आपण त्याला फक्त समवयस्कांच्या हवाली केलंय. शाळेला कोणी हे मुद्दाम करायला सांगितलेलं नाही, पण घडतं असंच, आणि वर्षानुवर्षं घडत राहतं.

यावर जॅकलिन एकल्स आणि कॅरोल मिजली या संशोधकांनी १९८० च्या दशकापासून काम केलंय. त्यांचा मुद्दा असा की वय वाढतं तशी मुलाची गरज बदलते, आणि शाळेने त्या गरजेबरोबर बदलायला हवं. त्यांनी प्राथमिक शाळेतून पुढच्या शाळेत जाणारी मुलं बघितली. मुलांना आता वर्गातल्या निर्णयांत जास्त वाटा हवा होता, आणि नेमकं त्याच वेळी नव्या शाळेतल्या शिक्षकांचा कंट्रोल वाढला होता, विश्वास कमी झाला होता, निवडीच्या संधी कमी झाल्या होत्या. मुलांचं शिकण्यातलं मन उडण्यामागे आपण नेहमी हार्मोन्सना धरतो, पण बराचसा दोष मुलाची गरज आणि शाळा यांचा मेळ न बसण्याचा आहे. मी स्वतः वर्गात हे इतक्यांदा बघितलंय की आता नववीतलं मूल "मला बोअर होतं" म्हणालं की मी आळशीपणाबद्दल बोलतच नाही, आधी विचारतो की आठवड्यात अशी कुठली एक गोष्ट आहे जी तू ठरवतोस. बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

हे असं का झालं याला इतिहास आहे. सगळ्याच मुलांनी अठरापर्यंत शाळेत असावं ही पद्धत फार जुनी नाही. अमेरिकेचे आकडे घ्या, तिथे १९१० च्या सुमारास शंभरात दहा मुलंसुद्धा हायस्कूल पूर्ण करत नव्हती, आणि १९४० पर्यंत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेलं. तीस वर्षांत एवढा बदल! मधे कारखान्यांतून मुलांना बाहेर काढलं गेलं, १९३८ मध्ये तिथे बालमजुरीवर देशभर लागू होणारा कायदा आला, आणि ते व्हायलाच पाहिजे होतं, यात मला जराही शंका नाही, ती कामं मुलांना पिळून काढणारी होती. पण मुलांना कामातून बाहेर काढताना मोठ्या माणसांच्या सोबतीतूनही बाहेर काढलं गेलं. आधी पंधरा वर्षांचा मुलगा तीस, पन्नास, साठ वर्षांच्या लोकांमध्ये वावरायचा, ते कसं बोलतात, भांडण कसं मिटवतात, चुकलं की काय करतात हे रोज बघायचा. आता तो दिवसभर पंधरा वर्षांच्याच मुलांकडे बघून ठरवतो की माणूस कसं असावं. शिवाय याच काळात शिक्षण तासांवर मोजायची पद्धत रुळली, तिथे एका विषयाचे साधारण १२० तास म्हणजे एक युनिट, तेवढं बसलं की झालं. किती वेळ बसला याची नोंद राहिली, काय पेलायला शिकला याची राहिली नाही.

मला विचाराल तर मोठं होण्याचा गाभा एकाच गोष्टीत आहे, आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं हे अनुभवाने कळणं. शाळेत मुलाचं सगळं काम त्याच्या स्वतःसाठी असतं. गृहपाठ नाही केला तर कोणाचं बिघडलं? त्याचेच मार्क गेले, दुसऱ्या कोणाचं काही अडलं नाही. मग त्याला जबाबदारी म्हणजे काय ते कळणार कुठून, त्याला फक्त शिक्षा कळते. माझ्या ओळखीतला एक मुलगा होता, वह्या कधीच वेळेवर नाहीत, उशिरा येण्याबद्दल दर आठवड्याला नोंद. त्याला लहान वर्गांच्या वाचनाच्या तासाला मदतनीस म्हणून दिला, सात-आठ वर्षांची दोन मुलं ज्यांना वाचताना अडखळायला व्हायचं ती त्याच्या वाट्याला. पहिल्या आठवड्यात एकदा तो आला नाही, तर ती दोघं पुस्तक घेऊन दारात उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं काल का नाही आलास. आम्ही कोणी त्याला काही बोललो नाही. त्यानंतर त्या तासाला तो कधी चुकला नाही. वह्यांचं म्हणाल तर त्या फारशा सुधारल्या नाहीत, खोटं कशाला सांगू, पण आता आम्हाला माहीत होतं की या मुलात वेळ पाळण्याची कुवत आहे, त्याला फक्त त्यासाठी कारण लागतं.

यालाच आधार देणारं एक जुनं पण फार मोलाचं काम आहे. रॉजर बार्कर आणि पॉल गंप या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या शाळा तपासल्या, काही अगदी छोट्या, तीस-पस्तीस विद्यार्थ्यांच्या, आणि सगळ्यात मोठी दोन हजारांच्या वर. १९६४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मोठ्या शाळेत सोयी जास्त, विषय जास्त, क्लब जास्त. पण छोट्या शाळेतलं मूल प्रत्यक्षात जास्त गोष्टींत भाग घ्यायचं आणि महत्त्वाच्या जागेवर असायचं, कारण तिथे माणसंच कमी, नाटक उभं करायचं तर सगळ्यांना काहीतरी करावं लागणार. जे मूल मोठ्या शाळेत नुसतं प्रेक्षक म्हणून बसलं असतं, त्याला छोट्या शाळेत कोणीतरी येऊन सांगायचं की तू लागतोयस. अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या बाबतीत तर हा फरक अजूनच दिसला. म्हणून मी मोठमोठ्या शाळांच्या भव्य मैदानांनी आणि क्लबांच्या लांब यादीने हुरळून जात नाही, मी विचारतो की इथे किती मुलांवाचून काहीतरी अडतं.

मग शाळा बंद करून सगळ्यांना कामाला लावायचं का? नाही. आणि इथे मला थोडं थांबून बोलायचंय कारण बरेच लोक उत्साहात तिकडे घसरतात. स्वित्झर्लंडचं उदाहरण नेहमी दिलं जातं, तिथे सक्तीचं शिक्षण संपल्यावर साधारण दोन तृतीयांश मुलं व्यवसाय शिक्षणाकडे जातात, त्यातली बहुतेक आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस शाळेत. पंधरा-सोळाचं पोर मोठ्या माणसांत बसतं, थोडा पगार घेतं, ग्राहकाशी बोलतं. हे मला फार आवडतं, पण ते चालतं कारण तिथे कंपन्या शिकवण्याची जबाबदारी घेतात, शिकवणारा माणूस प्रशिक्षित असतो, अभ्यासक्रम ठरलेला असतो आणि नंतर पुन्हा पुढच्या शिक्षणाकडे वळायचा रस्ता उघडा असतो. यातलं काहीच नसेल तर तुम्ही फक्त स्वस्तात हात मिळवताय. नुसतं काम केल्याने मूल मोठं होत नाही हेही तपासलेलं आहे, ग्रीनबर्गर आणि स्टाइनबर्ग यांनी १९८० च्या दशकात शाळकरी मुलांच्या पार्टटाइम नोकऱ्यांचा अभ्यास केला, आठवड्याला वीस तासांच्या वर काम करणाऱ्यांचा अभ्यास घसरत होता आणि व्यसनांचं प्रमाण वाढत होतं. आणि त्या नोकऱ्यांमध्ये मुलांच्या आजूबाजूला कोण होतं? बहुतेक त्यांच्याच वयाची मुलं, एकच एक काम पुन्हा पुन्हा, शिकवणारं कोणी नाही. म्हणजे शाळेतली तीच उणीव, फक्त पगारासकट. शिवाय चौदाव्या वर्षीच काही मुलं अभ्यासाकडे आणि काही कामाकडे अशी कायमची वाटणी करून टाकणं मला मान्य नाही, कारण या वयात कोणाचं डोकं कधी उघडेल याचा भरवसा नसतो.

आयर्लंडमध्ये १९७४ पासून एक वेगळी गोष्ट आहे, ट्रान्झिशन इयर. माध्यमिकचा पहिला टप्पा संपला की दुसरा टप्पा सुरू व्हायच्या आधी एक वर्ष, मोठी बोर्ड परीक्षा नाही, त्यात मुलं बाहेर काम बघतात, प्रकल्प करतात, समाजात काहीतरी करतात. बऱ्याच शाळांत ते ऐच्छिक आहे. मला यातली वेळ महत्त्वाची वाटते, पंधरा-सोळा, म्हणजे नेमकी ती जागा जिथे विचार करायची ताकद आलेली आहे आणि अजून तिचा वापर करायला कोणी दिलेला नाही. सगळीकडे अख्खं वर्ष काढणं जमणार नाही हे मला कळतं, पण आठवड्यातली एक दुपार जमते, ती मी जमताना बघितली आहे.

झोपेचं थोडक्यात सांगतो कारण तो वाद खरं तर मिटलेला आहे. या वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येतच नाही, तो हट्ट नसतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की या मुलांची शाळा सकाळी साडेआठच्या आधी सुरू करू नका. सिएटलने २०१६ मध्ये ७:५० ची वेळ ८:४५ केली, आणि मोजलं तर मुलं रोज सरासरी ३४ मिनिटं जास्त झोपायला लागली. अर्धवट झोपेत कोणाचाच ताबा राहत नाही, मोठ्यांचाही नाही, मग ज्यांचा ताबा आधीच कच्चा आहे त्यांच्याकडून अपेक्षा कसली करता.

पालक आणि शिक्षक माझ्याशी ज्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त वाद घालतात तो असा, "आधी त्याने नीट वागून दाखवावं, मग जबाबदारी देऊ." ऐकायला बरोबर वाटतं. पण जबाबदारी पेलायचं कौशल्य ती पेलतानाच येतं, बाहेर उभं राहून कोणालाच येत नाही, पाण्यात न उतरता पोहायला शिकवण्यासारखं आहे ते. आणि या नियमाने होतं काय, तर आधीच जबाबदार असलेल्या चार-पाच मुलांना सगळी कामं मिळतात, मॉनिटर तेच, सूत्रसंचालन तेच, स्पर्धेला तेच, आणि ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तो मागच्या बाकावर बसून अठराचा होतो. मी शाळांना नेहमी सांगतो की कामं वाटताना हजेरीची यादी घ्या आणि जी नावं वर्षभरात एकदाही पुकारली गेली नाहीत तिथून सुरुवात करा. काम खरं असू द्या, सजावटीचं नको. वर्गाच्या खर्चाचा हिशोब, लहान वर्गांना शिकवणं, सामान मागवणं, नव्या मुलांना शाळा दाखवणं, नियम मोडल्यावर काय करायचं हे ठरवणाऱ्या बैठकीत दोन मुलं बसवणं. आणि मुलांनी निर्णय घेतला तर तो पाळा, तुमच्या मनाविरुद्ध असला तरी, एकदा का त्यांना कळलं की आपलं मत फक्त विचारण्यापुरतं होतं की मग पुन्हा ते मनापासून बोलत नाहीत. मोठे देशसुद्धा हा विश्वास टाकतायत, ब्राझीलमध्ये १९८८ पासून सोळाव्या वर्षी मत देता येतं, ऑस्ट्रियात २००७ पासून. देशाचं सरकार निवडणाऱ्या मुलाला वर्गाची सहल कुठे न्यायची हे ठरवू द्यायला घाबरायचं काय कारण आहे.

याच्या जोडीला दुसरं काम तितकंच गरजेचं आहे, तापलेल्या जागांवर मोठं माणूस हजर असणं. पाळत ठेवायला म्हणत नाही, कॅमेरे लावून काही होत नाही. सुट्टीत, सरावाला, बसची वाट बघताना असा कोणीतरी मोठा जो मुलांना आवडतो आणि जो तिथे नुसता असतो. वेगवेगळ्या वयाचे गट करा, तेरावाल्यांच्यात सतरावाले मिसळा, सतराचं पोर लहान कोणीतरी बघतंय म्हटल्यावर सावरून वागतं, मी हे वारंवार बघितलंय. आणि ग्रुपवर काही उत्तर द्यायच्या आधी, गाडीत बसायच्या आधी, काय करायचं याची तयारी आधीच शांतपणे करून घ्या, वाक्यं सुद्धा ठरवून, कारण त्या क्षणी त्याला विचार सुचणार नाही, ठरवलेलं वाक्य मात्र आठवू शकतं.

घरच्यांसाठी एवढंच की अठराव्या वाढदिवसाला सगळं एकदम हातात देऊ नका. चौदापासून दर काही महिन्यांनी एक गोष्ट पूर्ण सोपवा. डॉक्टरकडे स्वतःची तक्रार स्वतः सांगणं, स्वतःची कागदपत्रं सांभाळणं, महिन्याच्या ठरलेल्या पैशात भागवणं, एखाद्या ऑफिसला फोन करून काम करून घेणं, सकाळी स्वतः उठणं. सोपवलं की मागे हटा. पैसे विसाव्या तारखेला संपले तर संपू द्या, त्याच्या पोटापाण्याची आणि सुरक्षिततेची काळजी घ्या पण ती तूट भरून काढू नका, चौदाव्या वर्षीची तूट छोटी असते.

आणि काही मुलं या सगळ्याच्या उलट असतात, त्यांच्याबद्दल न बोलता हे उत्तर पूर्ण होणार नाही. घरी आजारी आई-वडील, धाकटी भावंडं, पैशाची ओढाताण, ही मुलं बारा-तेरापासूनच मोठ्या माणसाचं आयुष्य जगतायत. वर्गात ती झोपाळू आणि बेजबाबदार दिसतात, आणि त्यांना अजून एक जबाबदारी देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांना शाळेत अशी जागा लागते जिथे थोडा वेळ कोणीतरी त्यांची काळजी घेईल. म्हणून कोणत्याही मुलाला काम सोपवण्याआधी मी त्याला एकट्याला गाठून विचारतो की घरी गेल्यावर झोपेपर्यंत काय काय करतोस, एकेक तास सांग. बहुतेकांचं सांगून दोन मिनिटांत संपतं, त्यांच्याकडे द्यायला जागा आहे. ज्याचं संपत नाही त्याच्याकडचं काहीतरी आधी कमी करावं लागतं, गृहपाठाची मुदत, उशिराची नोंद, जे शाळेच्या हातात असेल ते.